हाताचा विटाळ

गेल्या हिवाळ्यात नाशकातील एका ख्रिस्ती प्राथमिक शाळेने मुलांनी केलेल्या वस्तूंचे प्रदर्शन भरविले होते, आणि परीक्षक म्हणून तेथे जाण्याचा प्रसंग माझ्यावर आला. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. जे तेथे घडले ते या शहरातील कोणत्याही नामांकित शाळेत घडले असते. शिवाय त्यात मोठा वाटा माझाच असल्यामुळे शाळेकडे बोट दाखविण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

सभागृहात चाळीसएक मेजे मांडली होती. दिव्यांनी लुकलुकणारी सूर्यमाला होती, ज्वालामुखी होता, आणि मधोमध ‘स्मार्ट नाशिक’ या नावाची एक झगझगीत नगरी होती. तिच्यातील झाडे, मोटारी, दिव्यांचे खांब ही सर्व बाजारातून पुडक्यांत आणलेली होती, आणि ती चिकटविण्याचे श्रमही बहुधा वडिलांनीच घेतले असावेत. कारण ‘हा पूल कशावर उभा आहे?’ असे विचारताच मुलाने वडिलांकडे पाहिले. अगदी शेवटच्या मेजाशी चौथीतील एक मुलगी ओबडधोबड लाकडी सांगाडा घेऊन उभी होती. फळांच्या खोक्याच्या फळ्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि एक लोखंडी गज, एवढेच त्याचे साहित्य. तिच्या आजीचा हात कापतो. भरलेला तांब्या उचलून पेल्यात पाणी ओतणे आजीला साधत नाही. म्हणून या मुलीने तांब्यासाठी झुलती बैठक केली होती. मागची पट्टी बोटाने उचलली की तांब्या पुढे कलतो आणि पेला भरतो. बोट काढले की तो पुन्हा सरळ होतो. पहिल्या खेपेस तांब्या घसरून पडला, म्हणून तिने ट्यूबचा पट्टा बांधला. दुसऱ्या खेपेस गज फार खाली बसला होता, म्हणून कललेला तांब्या परत उठेना. तेव्हा गज दोन बोटे वर घेतला. तिसऱ्या खेपेस जमले. हे सर्व तिने न अडखळता सांगितले, आणि वहीत काढलेली तिन्ही खेपांची चित्रेही दाखविली.

यावर मी तिला काय विचारले? मी विचारले, ‘बाळ, तुझे वडील सुतारकाम करतात का?’ ती म्हणाली, ‘नाही सर, ते एस. टी.त वाहक आहेत.’ माझे एक सहपरीक्षक, मोठे सुविद्य गृहस्थ, माझ्या कानाशी लागून म्हणाले, ‘छान आहे हो, पण हे सुतारकाम झाले. यात विज्ञान कोठे आहे?’ आस आणि गुरुत्वमध्य यांचा जो संबंध आमच्या महाविद्यालयात फळ्यावर सूत्रे मांडून शिकवितात, तो नऊ वर्षांच्या पोरीने आजीच्या तांब्यावर शोधून काढला होता; आणि आम्ही दोघे पदवीधर तिच्यासमोर उभे राहून विज्ञान हुडकीत होतो! पहिले पारितोषिक झगझगीत नगरीस गेले. निकालपत्रावर तिसरी सही माझी आहे.

त्या निकालापेक्षा माझा प्रश्नच मला अधिक टोचत राहिला आहे. हाताने नीट घडविलेली वस्तू दिसताच घडविणाऱ्याची जात विचारावी, हे मला कोणी शिकविले? शाळेने शिकविले नाही, असे मला म्हणवत नाही. मी स्वतः इंग्रजीचा प्राध्यापक. शेक्सपिअरच्या नाटकांवर तीस वर्षे बोलत आलो, पण घरातील खुर्चीचा पाय निखळला तर तो बसविण्यास माणूस बोलवितो, आणि तो येईपर्यंत ती खुर्ची भिंतीशी टेकवून ठेवतो. माझ्यासारख्यांची ही असमर्थता आमच्या घरांत उणेपणाची समजत नाहीत. उलट ती थोडीबहुत प्रतिष्ठेची खूण असते. आणि अशाच घरांतील मुले हल्ली ख्रिस्ती शाळांचे वर्ग भरून टाकीत आहेत. म्हणून हा लेख त्या शाळांपेक्षा आपल्या घरांस उद्देशून आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

इंग्लंडात १९९० पासून ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा विषय पाच वर्षांच्या मुलापासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे. आपल्याकडे ‘टेक्नॉलॉजी’ हा शब्द कानी पडला की पालकांच्या डोळ्यांपुढे संगणकाची खोली उभी राहते, आणि ‘डिझाइन’ म्हटले की साडीचा काठ. पण त्या विषयाचा गाभा यांपैकी कशातही नाही. कोणाची तरी एक अडचण नीट पाहावयाची, ती दूर करील अशी वस्तू आधी मनात व कागदावर योजावयाची, ती हाताने घडवावयाची, वापरून पाहावयाची, आणि फसली तर का फसली हे शोधून पुन्हा घडवावयाची, एवढाच तो गाभा आहे. मराठीत मी यास साधे ‘घडण’ म्हणेन. सुतारकीच्या वर्गात ठरलेला नमुना गिरवितात. हस्तकलेच्या तासाला कागदी फुले होतात. घडणीत मात्र ‘हे कोणासाठी?’ हा प्रश्न पहिला असतो. आपल्या राज्याच्या प्राथमिक वेळापत्रकात कार्यानुभव म्हणून एक विषय आहे. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने शिफारस केलेल्या एका फार मोठ्या कल्पनेचा तो वारस. पण या वारसाची दशा अशी की दिवाळीत आकाशकंदील, राखीपौर्णिमेस राख्या, आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या बाईंस आंदण! चौथीतील त्या मुलीने जे केले ते शाळेत शिकून केले नाही. शाळा सुटल्यावर केले.

आता ख्रिस्ती शाळांचाच विषय मी का काढला, ते सांगतो. शरणपूर रोडवरून आपण नाशिककर रोज जातो. दुकाने, दवाखाने आणि उपाहारगृहे यांच्या गर्दीत ते नाव कोठून आले याचा विचार करण्यास कोणास सवड नसते. चर्च मिशनरी सोसायटीने नाशकात १८३२ साली काम आरंभिले. पुढे १८५४ च्या सुमारास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी गावाबाहेर ख्रिस्ती झालेल्यांची वसाहत बसविली, ती ही शरणपूर. धर्म बदलला की त्या काळी घर जाई, धंदा जाई, पाणवठा जाई. अशा माणसांना पोट भरण्यास काही हुन्नर हवा, म्हणून वसाहतीत पाटीबरोबर रंधाही आला. १८६० नंतर तेथे एक विलक्षण विद्यार्थिवर्ग दाखल झाला. हिंदी महासागरात गुलामांनी भरलेली अरबी गलबते इंग्रजी आरमार पकडीत असे. त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरविली जात, आणि त्यांपैकी कित्येक नाशकास धाडली जात. आईबाप, गाव, स्वतःचे मूळ नावही हरवलेली ही मुले गोदावरीच्या काठी वाचण्या-लिहिण्यास शिकली, आणि त्याबरोबर सुतारकी व लोहारकी शिकली.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली नाशकास आला आणि आपल्या शेवटच्या सफरीसाठी या शाळेतील नऊ तरुण घेऊन गेला. त्याच्या रोजनिशीत नाशिकच्या या पोरांविषयी तक्रारी भरपूर आहेत: ती मागे रेंगाळतात, ओझी उचलण्यास कुरकुर करतात. (रंधा आणि पुस्तक दोन्ही हाती धरलेल्या मुलास आपण भारवाहू बैल नव्हे असे वाटले असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.) १८७२ साली आणखी सहा जण गेले. जेकब वेनराइट, कॅरस फॅरर, मॅथ्यू वेलिंग्टन ही त्यांतील नावे. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी आजच्या झांबिया देशातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्याच्या माणसांनी ठरविले की शव त्याच्या देशास पोचवावयाचे. सुसी आणि चुमा हे त्यांचे पुढारी; ते काही नाशकाचे नव्हेत, पण नाशिकची मुले त्या तुकडीत होती, आणि शव टिकविण्यासाठी जी चिरफाड करावी लागली तीत कॅरस फॅररचा हात होता.

पुढे त्यांनी जे केले ते घडणीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालण्यासारखे आहे. मीठ लावून शव चौदा दिवस उन्हात वाळविले. एका झाडाची साल अखंड नळीसारखी सोलून काढली, शव तीत बसविले, वरून शिडाचे कापड शिवले, आणि सगळे एका वाशास बांधून दोघांच्या खांद्यावर येईल असे केले. वाटेत एका मुलखातून प्रेत नेऊ देणार नाहीत असे दिसताच धाटांचे खोटे प्रेत बांधले, ते माघारी पाठविल्याचा देखावा केला, आणि खरे शव कापडाच्या गठ्ठ्यासारखे नव्याने बांधून पुढे नेले. हजार मैलांहून अधिक वाट तुडवून १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या बंदरावर पोचले. या कामाचा नमुना त्यांना कोणी गिरवावयास दिला होता? अडचण समोर होती, साहित्य रानातले होते, आणि चुकण्यास जागा नव्हती.

जेकब वेनराइटने चितांबोस अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि जवळच्या झाडाच्या बुंध्यावर मृताचे नाव कोरले. बुंध्याचा तो तुकडा १८९९ साली कापून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे नेण्यात आला. जेकबने या प्रवासाची रोजनिशी इंग्रजीत लिहिली. आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनची पेटी नेणाऱ्यांत तो होता. प्रार्थना वाचणारा, रोजनिशी लिहिणारा आणि लाकडात अक्षर कोरणारा हात एकच, ही गोष्ट आमच्या देशाच्या इतिहासात किती दुर्मिळ आहे, याचा वाचकांनीच विचार करावा. आमच्याकडे शिलालेख कोरणारा पाथरवट निराळा, मजकूर रचणारा पंडित निराळा; आणि पाथरवटाला आपण काय कोरतो हे वाचता येत असे की नाही, याची पंडिताला पर्वा नसे.

तथापि शरणपूरचा मी उगाच गौरव करू इच्छीत नाही. तेथे हुन्नर का शिकवीत, हे उघड आहे. अनाथाने भीक मागू नये, धर्मांतरिताने मिशनच्या अन्नावर राहू नये, म्हणून. हाताने बुद्धी वाढते, म्हणून नव्हे. नेमक्या त्याच दशकात, १८६६ साली, फिनलंडात उनो सिग्नेउस नावाच्या एका ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाने तेथील लोकशाळांच्या अभ्यासक्रमात हस्तव्यवसाय घातला. आणि घालताना स्पष्ट सांगितले की यातून धंदा शिकवावयाचा नाही, तर मुलाचा हात आणि डोळा घडवावयाचा आहे. दोघेही ख्रिस्ती, दोघेही पाद्री. पण सिग्नेउसला समोर आपल्या देशाची मुले दिसत होती, आणि प्राइसला समोर अनाथ दिसत होते. फिनलंडच्या शाळांत आजही हस्तव्यवसाय सर्व मुलामुलींस सक्तीचा आहे. शरणपूरच्या आफ्रिकी मुलांस प्राइस यांनीच १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ नव्या वसलेल्या फ्रिअर टाउन येथे नेले, आणि आमच्या हिशेबी तो अध्याय मिटला.

मिशनांनी पुढेही हुन्नर सोडला नाही, पण त्याची पंगत निराळी मांडली. दुष्काळात पोरकी झालेली मुले उद्योगशाळेत, आणि सुस्थित घरांतील मुले इंग्रजी शाळेत. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी दुष्काळग्रस्त स्त्रियांकडून विणकाम करविले, घाणा चालविला, छापखाना चालविला. आपण केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे त्यांनी त्याच स्त्रियांकडून जुळवून घेतले. एका संस्कृत पंडितेने असे करावे, ही त्या काळी केवढी उलथापालथ! पण आम्ही मध्यमवर्गीयांनी रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा शंभर वर्षे केली, आणि त्यांच्या छापखान्याची पाच मिनिटेही केली नाही. ख्रिस्ती शाळेच्या दाराशी आम्ही रांगा लावल्या त्या इंग्रजीसाठी. आणि शाळांनीही गिऱ्हाईक ओळखले. अनाथांची पंगत हळूहळू उठली, आणि रंधा तिच्याबरोबर गेला.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. येशू आपल्या गावी येऊन सभास्थानात बोलू लागतो, लोक थक्क होतात, आणि मग त्यांना आठवते की हा तर आपल्यातला सुतार! तेवढ्यावरून त्यांचे मन फिरते. मी त्या मुलीला जो प्रश्न विचारला तो नासरेथच्या लोकांचाच प्रश्न होता. मी त्या धर्माचा नाही. म्हणून माझ्या अज्ञानाची मला थोडी तरी सबब आहे. पण ज्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर त्या सुताराची तसबीर टांगलेली असते, त्या शाळेत एकही करवत असू नये, आणि नाताळची गव्हाणीसुद्धा दुकानातून तयार यावी, याची त्या शाळेस काय सबब आहे?

यावर आक्षेप येतात, आणि त्यांतील एक फार वजनदार आहे. त्याचा आधी विचार करू. बहुजन आणि दलित समाजातील सुशिक्षित पालक म्हणतात, ‘आमच्या आजोबांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या वाकस आणि आरीच होती, आम्ही शाळेत आलो ते लेखणीसाठी. तुम्ही पुन्हा वाकस देणार असाल तर तुमचे शिक्षण तुम्हांसच लखलाभ.’ या भयास आधार आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. ती जातीचा धंदा पुन्हा गळ्यात बांधणारी आहे असा गदारोळ उठला, आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. गदारोळ उठला तो योग्यच होता. पण त्या योजनेतील विष कशात होते ते पाहा. सुताराच्या मुलाने सुतारकी शिकावी आणि वकिलाच्या मुलाने वकिली, यात. वकिलाच्या मुलाच्या हाती करवत आणि सुताराच्या मुलाच्या हाती आराखड्याचा कागद, दोन्ही एकाच बाकावर, असे झाले तर ते विष राहत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक कसा असावा हे सांगताना, प्रसंग पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचे वाकस हाती धरण्याची ज्यास लाज वाटणार नाही असा तो असावा, असे म्हटले आहे. ही अट त्यांनी शिक्षकास घातली, हे महत्त्वाचे. आज ही अट लावली तर आमच्या किती शिक्षकांच्या आणि प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या होतील?

वर्ध्यास १९३७ च्या ऑक्टोबरात महात्माजींनी नई तालीम मांडली, तेव्हाही आमच्या वर्गाने तिचे कौतुक केले आणि मुले दुसऱ्या शाळेत घातली. ती योजना निर्दोष होती असे मला वाटत नाही; मुलांच्या कताईतून शाळेचा खर्च निघावा, ही अपेक्षा मुलाला मजूर करण्याकडे झुकणारी होती, आणि तसे म्हणणारे त्या वेळीही होते. घडणीच्या तासाला होणारी वस्तू विकावयाची नसते. तिचा निम्मा उपयोग तर ती मोडण्यात असतो.

बाकीचे आक्षेप हलके आहेत. वेळ नाही म्हणतात. तोच वेळ तीन-तीन शिकवण्यांस मिळतो. करवतीने बोट कापेल म्हणतात. संक्रांतीला गच्चीवर मांज्याने कापलेली बोटे घेऊन हीच मुले येवल्यापासून नाशकापर्यंत हिंडत असतात, तेव्हा कोणी पतंग बंद करीत नाही. आणखी एक नवा आक्षेप असा की आमच्या शाळेत यंत्रमानवाची प्रयोगशाळा आहे, मग रंधा कशाला? त्या प्रयोगशाळा मी पाहिल्या आहेत. महागड्या पेटीतून तुकडे काढावयाचे, पुस्तकातील चित्राप्रमाणे एकात एक अडकवावयाचे, चाक फिरले की टाळ्या, आणि पुन्हा पेटीत भरावयाचे. पेटीत चूक होण्याची सोयच ठेवलेली नसते. तुकड्यांची जागा ज्याने ठरविली तो कोणी परदेशातील अभियंता घडण शिकला. आमची मुले फक्त त्याचा नमुना गिरवितात.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, २०२० साली, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस आणि स्थानिक कारागिरांची संगत सुचविली, हे चांगले झाले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढून माध्यमिक मुलांकडून शेतीपासून वेल्डिंगपर्यंत खरी कामे करविली, हे तर फारच चांगले. पण सहावी फार उशिरा येते. तोपर्यंत मुलाच्या हाताला पाच वर्षे लाज शिकविलेली असते. वाळूचे घर बांधताना सात वर्षांचे मूल ‘हे मी का बांधू, मला गुण किती?’ असे विचारीत नाही. बाराव्या वर्षी विचारते. म्हणून प्राथमिक शाळेचा हा आग्रह.

आणि नाशकात विषय कोठे शोधावयास जावे लागतात? कांद्याची चाळ घ्या. तिच्यासारखी बुद्धीची इमारत आमच्या जिल्ह्यात दुसरी दाखविणे कठीण. उन्हाळी कांदा एप्रिल-मेत निघतो आणि भाव येईपर्यंत सगळा पावसाळा काढतो. तो सडू नये, त्याला कोंब फुटू नयेत, वजन फार उतरू नये, यासाठी शेतकऱ्याने तळ जमिनीपासून उचलला, खाली आणि बाजूंस फटी ठेविल्या, ढिगाची रुंदी चार फुटांच्या आसपास आवरली, आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून छप्पर पुढे काढले. यातील प्रत्येक फटीमागे एक ‘का’ आहे. चौथीच्या मुलांनी तीन लहान खोकी करावीत. एक बंद, एक फटींचे पण जमिनीवर टेकलेले, एक फटींचे आणि पायांवर उचललेले. प्रत्येकात दोन-दोन किलो कांदे भरावेत, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी वजन करावे, सडके मोजून काढावेत आणि वहीत मांडावेत. गणित यात आले, विज्ञान आले, मराठी लेखन आले; आणि लासलगावच्या मुलास कळले की आपल्या बापाची चाळ ही लाजण्याची वस्तू नव्हे. दुसरे, द्राक्षे. एक घड पुठ्ठ्याच्या पेटीत असा बसवा की पेटी बाकावरून पडली तरी मणी गळू नयेत; पेंढा, कागद, जाळी, वाटेल ते वापरा, पण पेटीचे वजन ठरल्यापेक्षा वाढता कामा नये. गळलेले मणी मुलांनी मोजावेत आणि खावेत! या परीक्षेस कोणत्या मुलाची ना असेल?

त्र्यंबकेश्वरास १८७० साली एका संस्कृत शास्त्र्याच्या घरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचे आपण पुतळे उभारतो. त्यांनी काय केले? कॅमेरा आणला, तो उलगडून समजून घेतला, कुंडीतल्या रोपाची वाढ टिपून पाहिली. फिल्मच्या कडेची भोके पाडण्याचे काम तर सरस्वतीबाईंनी रात्री अंधारात बसून केले. शास्त्र्याच्या मुलाने आणि सुनेने हात काळे केले नसते तर पुतळे कोणाचे उभारले असते?

प्रदर्शनानंतर पंधरा दिवसांनी मी मुख्याध्यापिकाबाईंस पत्र लिहिले. माझी चूक कबूल केली आणि निकाल फिरविता येईल काय असे विचारले. त्यांनी बोलावून घेतले, चहा दिला, आणि म्हणाल्या, ‘सर, प्रमाणपत्रे वाटून झाली. आता त्या नगरीवाल्या मुलाकडून परत कशी घेऊ?’ बरोबरच आहे. त्या मुलाचा काय अपराध? मग काही वेळाने त्याच म्हणाल्या, ‘येत्या जूनपासून चौथीच्या एका तुकडीला दर शनिवारी दोन तास देते. बाके, चार करवती आणि शिकविणारा माणूस, एवढे तुम्ही आणा.’ करवती मी आणल्या. दोन जुनी बाके एका विद्यार्थ्याने दिली. शिकविणाऱ्यासाठी भांडी बाजारातील एका वृद्ध तांबटांकडे गेलो. साठ वर्षे हातोडा चालविलेला माणूस. घागरीचा काठ नुसत्या आवाजावरून पारखतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मुले किती, वेळ कोणता, हे विचारले, आणि येण्याचे कबूल केले. निघताना एवढेच विचारले, ‘मधल्या सुटीत मास्तरांच्या खोलीत बसायचे, की शिपायांच्या?’

बाईंना हे मी अजून विचारलेले नाही.